इव्हेंटचा प्रकार

आमच्या लालबागच्या चाळीचा टॉवर झाला आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. सगळ्यात आधी मी हॉलच्या बुकिंगचा फॉर्म छापून घेतला. त्यात एक रकाना होता, 'इव्हेंटचा प्रकार'. हा शब्द माझा. चाळीत बारसं असायचं, पूजा असायची, हळदीकुंकू असायचं. टॉवरात आल्यावर सगळ्याचा इव्हेंट झाला. सत्यनारायण इव्हेंट, पोराचा वाढदिवस इव्हेंट, बायकांचा योगाचा वर्गसुद्धा इव्हेंट. कोणी जरा जास्त रडारड केली तर 'उगाच इव्हेंट करू नकोस' असंही आम्हीच ऐकवायचो. मला तो शब्द आवडायचा. इस्त्रीच्या शर्टासारखा कडक वाटायचा.

त्यात मरण मात्र बसत नव्हतं. मी कमिटीला सांगितलं, हॉलला काचेचे दरवाजे आहेत, लॉबीतून आतलं सगळं दिसतं, लिफ्टमधून उतरणाऱ्या पाहुण्याला हार घातलेला फोटो दिसता कामा नये. शोकसभा नको, बारावं-तेरावं नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांच्या घरात खाटेला खिळलेली म्हातारी होती, त्यांनीही.

नियमाला पहिला सापडला तो माझाच शेजारी. चाळीत आमची एकच भिंत होती, टॉवरातही समोरासमोर दारं. माझे वडील गेले तेव्हा त्याने स्वतःची खोली आमच्या पाहुण्यांना दिली होती आणि तेरा दिवस बायकोमुलांसकट गॅलरीत काढले होते. हे मी विसरलो होतो म्हणून सांगायची सोय आहे. पण मी विसरलो नव्हतो.

तो वारला, आणि चौथ्या दिवशी त्याची बायको, आमची वहिनी, सोसायटीच्या ऑफिसात आली.

"भावजी, तेराव्याक गावची माणसां येतली. घरात धा पानां मांडूक जागा नाय. हॉल द्या."

"वहिनी, हॉल फक्त इव्हेंटसाठी."

"मग ह्यां काय?"

मी फॉर्मवर बोट ठेवून म्हटलं, "ते कमिटीला विचारावं लागेल." कमिटीला मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी तिने भरलेला फॉर्म आला. इव्हेंटचा प्रकार: वाढदिवस. तारीख तेराव्याची. सुतकात कोण वाढदिवस करतं? खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसालाच असं खोटं सुचतं. मी ते वाचलं, हसलो आणि सही केली. तिला तिथेच अडवता आलं असतं, तिने दुसरी जागा बघितली असती. पण ऐन वेळी पकडण्यात जी मजा असते ती मला हवी होती.

त्या दिवशी घरची सगळी मंडळी विधींसाठी बाणगंगेवर गेली. जाण्यापूर्वी त्यांनी हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या आणि टेबलावर त्याचा फोटो ठेवला होता, हार घातलेला. मी आत डोकावलो, दिवे बंद केले आणि कुलूप लावलं.

बाराच्या सुमारास सगळे परतले. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि खिरीचे टोप लॉबीत येऊन पडले होते. गावाहून आलेली म्हातारी माणसं जिन्यात टेकली होती. वहिनीने दरवाजा ढकलून बघितला आणि माझ्याकडे वळली. मी फॉर्म हातात तयारच ठेवला होता.

"यावर वाढदिवस लिहिलंय, वहिनी. केक कुठाय?"

तिचा जावई भडकला, त्याला तिने हाताने मागे केलं. मग म्हणाली, "माणसां भायर जेवतली. फोटो तेवढो द्या."

"चावी वॉचमनकडे आहे. तो जेवायला गेलाय."

चावी माझ्या खिशात होती. बोटांना लागत होती.

पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत पंगत बसली. त्याच्या नावाचं पान तिने हॉलच्या बंद काचेपाशी ठेवलं, फोटोच्या समोर. पाणी ठेवलं. मग पदराने काचेवरचे आपल्याच हाताचे डाग पुसले. मी ऑफिसातून बघत होतो आणि मला बरं वाटत होतं. आता लाज वाटते हे खरं, पण तेव्हाचं ते बरं वाटणं अजून इतकं स्पष्ट आठवतं की माझ्या लाजेवर माझाच विश्वास बसत नाही.

चार वाजता फुगेवाले आले. संध्याकाळी हॉलमध्ये दुसऱ्या कोणाचा खरा वाढदिवस होता. त्यांनी फोटो उचलून कुठे ठेवू म्हणून विचारलं, तेव्हा मी तो घेतला आणि वर गेलो. वहिनीने दार उघडलं. फोटो घेतला, सरळ केला, छातीशी धरला. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्याचीच वाट बघत होतो.

"बुकिंगच्या वहीत काय लिवलात?" तिने विचारलं.

"इव्हेंट रद्द."

"बरां केलात," ती म्हणाली. "रद्द, म्हणजे ते अजून गेलेच नाय. जिन्यात दिसले तर वळख दाखवा हां, भावजी."

आणि तिने दार लावून घेतलं, अगदी हळू. आमचा मजला सहावा. हल्ली लिफ्ट बंद असली तर मी घरीच बसतो.