माझ्या लग्नाच्या फोटोत नसलेली मुलगी

"ए, त्या सोफ्यावर नको. क्लायंट यायचेत."

असं तो माझ्या मुलीला म्हणाला. सर्जापूर रोडवरचं ऑफिस, काचेचं दार, आत थंडगार हवा. हा माणूस परदेशी व्हिसाचे अर्ज करून द्यायचा. पुण्याचा. या कानडी शहरात मराठी माणूस भेटला म्हणून मी मुद्दाम त्याच्याकडे गेले होते. फोनवर म्हणाला होता, "अरे वा, आपलीच माणसं." समोर बसल्यावर त्यानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर तो माझ्याशी हिंदीत बोलायला लागला.

प्रज्ञा नऊ वर्षांची. शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, पीण्याहून, बस बदलत, उभ्यानं आलेली. पांढऱ्या सोफ्याच्या अगदी कडेला टेकली होती, दप्तर मांडीवर घेऊन. त्यानं हटकलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली. मी काय करावं? मी तिचा दंड धरला आणि तिला उठवलं. त्यानं हात लावला नाही. उठवलं मी.

क्लायंट आम्हीच होतो की. फी भरून आलेलो. पण हे मला तिथं सुचलं नाही. घरी परतताना बसमध्ये सुचलं, तेव्हा काय उपयोग?

मी पीण्यात एका छोट्या कारखान्यात पार्ट तपासायचं काम करते. माहेर निपाणीकडचं. पहिला नवरा आजारपणात गेला तेव्हा प्रज्ञा रांगत होती. मग दिलीपचं स्थळ आलं. तो इंग्लंडात एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो, तिथं कायमचा राहतो. बायको वारलेली. त्यानं पहिल्याच फोनवर विचारलं होतं, "पोरगी काय खाते?" मला तो तिथंच आवडला. लग्न झालं, तो परत गेला, आणि आता माझा आणि प्रज्ञाचा अर्ज एकत्र करायचा होता. माझा बायको म्हणून. तिचा सावत्र मुलगी म्हणून.

त्या माणसानं लग्नाचे फोटो टेबलावर पसरले. पेनच्या टोपणानं एकेक सरकवत गेला. मी, दिलीप, हार. आत्या, काका, शेजारी. मग टोपण थांबलं.

"लडकी कहाँ है?"

त्यानं फोटो पुन्हा चाळले.

"एकाही फोटोत नाही?" आता मराठीत. "तिकडचा ऑफिसर काय म्हणेल, ही फॅमिली आहे कशावरून?" मग पलीकडच्या टेबलावरच्या बाईकडे वळून हसला. "यांच्यात दुसरं लग्न म्हणजे कॉमन आहे गं. आणि मुलांना लपवून करतात."

प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती. तिला सगळं कळत होतं.

माझ्या अंगाची आग झाली. त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. पण फेकायला माझ्याकडे होतं काय? तो खोटं बोलला नव्हता. लपवली होतीच मी तिला.

आमच्याकडे रीत आहे. बाईचं दुसरं लग्न असलं की पहिल्या घरची पोरं तिथं नसतात. पोरांनी आईचं लग्न बघायचं नाही. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणाला ठाऊक नाही. बाप्याचं दुसरं लग्न असलं तर त्याची पोरं मांडवभर हुंदडतात, त्याला कोणी काही म्हणत नाही. आत्या निपाणीहून आली तीच म्हणत आली, "पोरीला आधी कुठंतरी ठेव. अपशकुन करू नगंस."

आणि लग्न कुठं होतं? आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात. जिथं दर रविवारी मी मोठ्यानं म्हणायचे की आम्ही जुन्या रूढी सोडल्या. सगळ्या सोडल्या, ही एक तेवढी ठेवली. ही सोडायला माझी जीभ उचलली नाही, कारण मला भीती वाटत होती. चांगलं स्थळ, इंग्लंडचं. मोडलं तर?

मी प्रज्ञाला शेजारच्या लक्ष्मी अक्कांकडे नेलं. अक्का कन्नड, पण आमच्यात राहून मराठी बोलतात. त्यांनी विचारलं, "याके? पोर का येत नाही?" मी म्हटलं, पद्धत आहे. अक्कांनी प्रज्ञाला आत घेतलं. मग म्हणाल्या, "सरी, बरं. तुमचं तुम्हाला."

मीच सांगितलं, अक्का, बाहेरून कडी लावा, ती पळत येईल.

विहार त्याच गल्लीत, चार घरं सोडून. माईक लावलेला. प्रज्ञानं माझं सगळं लग्न त्या बंद खोलीत बसून ऐकलं.

हे सगळं मी त्या ऑफिसात आठवत बसले आणि तो उपाय सांगत होता. उपाय सोपा. मुलीला चांगले कपडे घाला, स्टुडिओत फोटो काढा, आणून द्या. आमचा माणूस तिला लग्नाच्या फोटोत बसवेल. "कोणाला कळत नाही. सगळेच करतात."

मी हो म्हटलं. वर थँक्यू सर म्हटलं.

स्टुडिओ आमच्या वस्तीजवळच. प्रज्ञानं गुलाबी परकर पोलकं घातलं होतं, केसांत अबोली. फोटोग्राफरनं तिला कोऱ्या हिरव्या पडद्यासमोर उभं केलं. "पुट्टी, स्वल्प ई कडे नोडु," म्हणजे इकडे बघ. मला म्हणाला, फोटोत तुम्ही हिच्या डावीकडे येणार, तर हिनं तिकडे बघून हसायला पाहिजे.

"आई, तू तिथं आहेस का?" तिनं विचारलं.

"फोटोत असेन."

तिनं मान वळवली आणि डावीकडच्या मोकळ्या जागेकडे बघून हसली. छान हसली. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. तरी मी फोटो घेतला आणि त्याला पाठवून दिला. इथंही मी थांबले नाही, हे लिहायलाच पाहिजे.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा फोटो तयार होता. दिलीप, मी आणि मधे प्रज्ञा. आमच्यावर विहारातला पिवळा उजेड, तिच्यावर स्टुडिओतला पांढरा. तो खूश. "बघा, आता फॅमिली दिसते. फक्त मुलीला पढवून ठेवा. कोणी विचारलंच, तर म्हणायचं, मी तिथं होते, पुढच्या रांगेत." मग स्वतःच तिची तयारी घ्यायला लागला. "सांग बेटा, आईच्या लग्नात कुठं होतीस?"

प्रज्ञानं आधी माझ्याकडे बघितलं. मग त्याला म्हणाली, "पुढच्या रांगेत."

"गुड. काय बघितलंस?"

"आईनं हार घातला. सगळे टाळ्या वाजवत होते. आईची साडी मोरपंखी होती."

टाळ्या तिनं ऐकल्या होत्या, भिंतीपलीकडून. साडी नंतर बघितली होती. पोरीनं त्यातूनच लग्न तयार केलं, माझ्यासाठी. न अडखळता. मी तिला तिच्याच तोंडून मिटवत होते आणि ती मला मदत करत होती.

मी उठले. म्हटलं, "फाईल द्या."

"का? काय झालं?"

"ती तिथं नव्हती. मी नेलं नव्हतं. तसंच लिहीन."

तो हसला. "असं लिहिलंत तर केस गेली समजा. मग माझ्याकडे रडत येऊ नका. तुमच्यासारख्यांचं हेच असतं, मदत करायला जावं तर..."

"सर, फाईल द्या. ती येईपर्यंत आम्ही बसतो."

मी प्रज्ञाचा हात धरला आणि त्या पांढऱ्या सोफ्यावर जाऊन बसले. मधोमध. तिला शेजारी बसवलं. ती पुन्हा कडेला सरकायला लागली. मी तिला मागे ओढलं, पाठ टेकवून बसवलं. काचेच्या दारातून एक सुटाबुटातलं जोडपं आत आलं. त्या माणसानं आमच्याकडे बघितलं. मी उठले नाही. फाईल लगेच मिळाली. आत चिकटवलेला तो खोटा फोटो मी तिथंच काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

त्या संध्याकाळी दिलीपला फोन केला. सगळं सांगितलं. त्यानं आधी प्रज्ञा जेवली का ते विचारलं. मग म्हणाला, "लग्नात पोरगी दिसत नव्हती, तर मीही विचारलं नाही. माझं नावही घाल त्यात. खरं लिही."

लिहिलं. कारखान्यातल्या एका मुलीनं इंग्रजी केलं, शब्द माझे. या फोटोंत माझी मुलगी नाही. आमच्या समाजात मुलांना आईच्या दुसऱ्या लग्नापासून दूर ठेवतात. मी ते पाळलं. ती चूक माझी आहे, मुलीची नाही. सोबत दिलीपचे आणि तिचे रोजचे व्हिडिओ कॉल जोडले. तो तिला पोळी लाटायला शिकवतो, ते.

अर्ज जाऊन बरेच दिवस झाले. उत्तर नाही. आत्या फोनवर म्हणते, पांढऱ्यावर काळं करून कुळाची अब्रू घालवलीस. प्रज्ञाला मी कडीबद्दल विचारलं, रागावलीस का म्हणून. ती म्हणाली, "हो." एवढंच. माफ केलं असं म्हणाली नाही आणि मी मागितलंही नाही. मागायचा हक्क अजून कमवायचाय.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत एका विधवेचं लग्न ठरलं. तिला दोन पोरं. लग्नाच्या सकाळी मी तिच्या दारात गेले आणि विचारलं, पोरं कुठं आहेत? बायका कुजबुजल्या. तिच्या सासरच्या म्हाताऱ्यानं मला घरातून जायला सांगितलं. मी गेले नाही. दोघांना हाताला धरून विहारात नेलं, पुढच्या रांगेत बसवलं, आणि प्रज्ञा त्यांच्या शेजारी बसली. यापुढे या वस्तीत असं प्रत्येक लग्न माझ्याशी भांडूनच होईल.

व्हिसा दोघींचा आला तर जाऊ. माझ्या एकटीचा आला तर तो कागद मी परत करेन. एकदा मी तिला कडीआड ठेवून विहारात आत गेले होते. आता ती बाहेर असेल तर मीही बाहेरच.