निजामकालीन नसलेली हातोडी

मागच्या महिन्यात तीन मैत्रिणींनी वेगवेगळ्या दिवशी फोन करून विचारलं, की लातूर जिल्ह्यातल्या त्या लहान गावातलं वस्तुसंग्रहालय वाट वाकडी करून बघण्यासारखं आहे का. तिघींना तेच ते सांगून घसा बसला. शिवाय तिथल्या छापील माहितीपत्रकात आमच्या घरच्या एका वस्तूच्या फोटोखाली अजूनही खोटा मजकूर आहे. म्हणून हे लिहिते आहे. गावाचं नाव देत नाही. तिथल्या लोकांना ते आता फक्त नव्या जिल्ह्याचं नाव म्हणून वाचायचं आहे आणि ते काही माझ्या हातात नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. माझी माय मुदखेडला माझ्या भावाकडे असते. भावाचा मुलगा त्या गावी लग्नाला गेला होता. जेवणाची पंगत बसायला उशीर म्हणून संग्रहालयात शिरला आणि मोबाइलवर फोटो काढून आणले. एका फोटोत काचेच्या कपाटात आमची हातोडी. खाली लेबल: 'निजामकालीन शस्त्र. रझाकारांविरुद्धच्या लढ्यात वापरलेले. बिरादार घराण्याकडून भेट.'

ती खडी फोडायची हातोडी आहे आणि आम्ही बिरादार नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात मायनं याच हातोडीनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मीही फोडली, कॉलेजात जायच्या आधीच्या सुट्टीत. पुढे कितीतरी वर्षांनी, आपलं गाव जिल्हा होणार अशी हवा झाली, तेव्हा तिथल्या संग्रहालय समितीची पोरं हातगाडी घेऊन आसपासच्या खेड्यांत दारोदार जुन्या वस्तू मागत फिरली. माय तेव्हा खेड्यातल्या घरी एकटीच होती. तिनं हातोडी काढून दिली.

नातवानं लेबल वाचून दाखवलं तशी माय मला फोनवर म्हणाली, "जाऊन नीट करून ये."

"मी काय नीट करू?"

"मग तुला कालिजात कशाला घातलं होतं?"

दुसऱ्या दिवशी मी मुदखेडला. तिथून सकाळच्या गाडीनं नांदेड आणि नांदेडहून लोहा, अहमदपूर रस्त्यानं एसटी. जाणारणींसाठी सांगते: पाण्याच्या दोन बाटल्या घरूनच भरून घ्या. नांदेडच्या स्टँडबाहेर चुरमुऱ्यांचा सुशीला चांगला मिळतो, तो खाऊन निघा, कारण पुढच्या हॉटेलांत काही मागवल्याशिवाय ग्लासभर पाणी देत नव्हते आणि ताटं धुवायला पाणी नाही म्हणून जेवण कागदी पत्रावळीवर. वेळ असेल तर लोह्यावरून आत वळून कंधारचा किल्ला बघा. मला वेळ नव्हता आणि मूडही नव्हता.

शेवटचा टप्पा शेअर रिक्षा. तो रस्ता आमच्या हातचा. त्यावर आता डांबराचे किती थर चढलेत कोण जाणे, खड्डे मात्र पहिल्या थरापर्यंत पोचलेत.

संग्रहालय बाजार समितीच्या जुन्या गोदामात आहे. पाटी मोठी: 'नियोजित जिल्हा वस्तुसंग्रहालय'. दाराला कुलूप. समोरचा पानवाला म्हणाला, "चावी सत्तारभाईकडं हाय. सत्तारभाई टँकरकडं हाय. टँकर कुठं हाय ते कुनालाच म्हाईत न्हाई."

टँकर आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सत्तारभाई, म्हणजे तिथले शिपाई, टँकरच्या पुढच्या सीटवर बसून आले. त्यांच्यामागे घागरी घेतलेल्या पंधरावीस बाया. कुलूप उघडलं आणि सगळ्या माझ्या आधी आत. नगरपालिकेच्या प्लास्टिकच्या टाक्या संग्रहालयातच ठेवल्या होत्या. रात्री पाणी चोरीला जाऊ नये म्हणून. इतिहास भिंतीला सरकवला होता.

"बसा मॅडम," सत्तारभाई म्हणाले, "पहिले पानी, फिर म्युझियम. तुमचं सामान कुठं पळून जात न्हाई."

मी रांगेच्या कडेनं वस्तू बघत गेले. पितळी पायल्या, शेर, मिठाईच्या खोक्यात निजामाचे हाली सिक्के, एक सुंदर कोरीव अडकित्ता. आणि एक पत्र्याची पाटी, जिच्यावर गावाच्या नावाखाली 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' रंगवलेलं. पुसलेलं नाव खालून दिसतं. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हाचा हा रंग. मला विचाराल तर त्या हॉलमधली सर्वांत खरी वस्तू हीच. लेबल: 'निजामकालीन फलक'.

पुढे बघितलं तर शिवणयंत्र निजामकालीन. कंदील निजामकालीन. ट्रान्झिस्टरसुद्धा निजामकालीन.

"हे कोण लिहितं?" मी विचारलं.

"बिरादार सर. सचिव हायत. येऊन राहिले, फोन केलाय."

बिरादार सर निवृत्त शिक्षक. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बोलणं गोड. मी हातोडीकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुमचं खरं असंल. पण दुष्काळातली हातोडी कोण बघंल? ती घरोघरी हाय. जिल्हा मागायचा तर गावाला इतिहास लागतो. पाहणीला सरकारची समिती येणार हाय. त्यांना आमी खडी दाखवायची का?"

"ट्रान्झिस्टर दाखवणारच आहात."

मागून एक बाई घागर खाली ठेवत म्हणाली, "सर, मी बी निजामकालीनच हाय का? तुमच्या रांगेत हुबी राहून राहून तेवढं वय झालंया." बाकीच्या हसल्या. सरही हसले. त्यांना राग येत नाही, हीच पंचाईत.

"आणि बिरादार घराणं कुठून आलं?" मी विचारलं.

"ज्याची नोंद न्हाई ते मी घरच्या नावावर टाकलं. कुनाचं तरी नाव पाहिजे की. बेवारस कसं ठेवावं?"

यात त्यांना काही चुकीचं वाटत नव्हतं. चोरी करावी असा माणूस तो नव्हेच. पोरांनी नावं विचारली नव्हती आणि वस्त्यांमधून, मोहल्ल्यांमधून आलेलं अर्धं कपाट सरांनी अगदी मायेनं स्वतःच्या घराण्यात घेतलं होतं.

मी म्हटलं, लेबल बदला. ते म्हणाले, समिती येऊन जाऊ द्या. मी म्हटलं, मग वस्तू परत द्या. यावर ते ताबडतोब कबूल. स्वतः कपाट उघडून हातोडी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, चहा पाजला आणि म्हणाले, "कपाट रिकामं दिसंल ताई. घरात अजून कायी जुनं असंल तर बघा."

जिंकल्यासारखी मी परत निघाले. रात्र नांदेडला काढली. स्टँडजवळच्या लॉजवर बादलीभर पाणी मिळेल असं सांगतात. बादली केवढी ते आधी बघून घ्या.

मुदखेडला मायच्या पुढ्यात हातोडी ठेवली. तिनं दांड्यावरची लुगड्याची पट्टी बोटानं चाचपली. मग माझ्याकडे बघितलं.

"ही कशाला आणलीस?"

"तुझी आहे म्हणून."

"मी माघारी आण म्हणले का? नाव लिवून ये म्हणले. घरात ठिवायची असती तर दिली असती का म्या?"

पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला त्या रस्त्यानं न्यायचं नाही, असं भावानं बजावलं. तिनं ऐकलं नाही. चार दिवसांनी आम्ही दोघी पुन्हा त्याच एसटीत. कंडक्टरनं हातोडी बघून विचारलं, "आजी, कुनाला मारायला निघालाव?" माय म्हणाली, "रस्ता बगायला. बरा केला का न्हाई मंग ठरवू." रिक्षा खड्ड्यांतून जायला लागली तशी ती बाहेर बघत राहिली. कुठली बाजू आपली, ते तिनं दाखवलं नाही.

सरांनी तिला खुर्ची दिली. समिती आली नव्हती. पाणीटंचाईमुळे दौरा पुढे ढकलला होता. त्यामुळे सर जरा नरम होते. कोरं कार्ड काढून म्हणाले, "सांगा आजी, तुमचं पूर्ण नाव."

"एकटीचं नगं. टोळीचं लिवा." आणि तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. कोंडाबाई ती स्वतः. आमच्या वस्तीतल्या गयाबाई आणि सरूबाई. मोहल्ल्यातली महेबूबबी. मी सुट्टीपुरतीच, म्हणून मला टोळीत धरलं नाही. चौघींत हातोड्या दोनच होत्या. दोघी फोडायच्या, दोघी दगड आणायच्या.

"चार नावं लेबलात बसत न्हाईत, आजी."

"एकटीनं रस्ता हुतो का, सर?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग सत्तारभाईंना मोठं कार्ड आणायला सांगितलं. त्यांचं अक्षर फार सुंदर आहे, हे मान्य करायला हवं. महेबूबबीशी अडले, आडनाव विचारलं. माय म्हणाली, "खडीवर कोन आडनाव इचारतंय?" तसंच लिहिलं.

आता त्या मैत्रिणींसाठी उत्तर: हो, जा. पाट्यांवर विश्वास ठेवू नका, वस्तूंवर ठेवा. ट्रान्झिस्टर अजून निजामकालीनच आहे. माहितीपत्रकं संपल्याशिवाय नवी छापणार नाहीत आणि ती संपण्याची लक्षणं नाहीत. हातोडीचं कपाट मात्र आत गेल्यावर डावीकडे. पाण्याच्या टाक्या असतील तर त्यांच्यामागे.

घरी आल्यावर मला एवढंच लागून राहिलं, की त्या हॉलमध्ये 'बिरादार घराण्याकडून' लिहिलेल्या अजून कितीतरी वस्तू आहेत आणि त्या देणाऱ्या सगळ्याच माया आता जिवंत नाहीत. तुमच्यापैकी कोणाच्या घरून त्या हातगाडीवर काही गेलं असेल, तर आताच जा. उन्हाळ्यात गेलात तर टँकरची वेळ विचारून.

आमच्याकडची पोच अशी आहे. माझ्याच हातची, खाली दोघांच्या सह्या:

दिले: खडी फोडायची हातोडी, एक. बाभळीचा दांडा, दांड्यावर लुगड्याची पट्टी.
वापर: बहात्तरचा दुष्काळ, गावाकडे येणारा रस्ता.
वापरणाऱ्या: कोंडाबाई, गयाबाई, सरूबाई, महेबूबबी.
देणार: कोंडाबाई. घेणार: बिरादार सर, सचिव.
परत घेतले: जुने लेबल, एक.