एकच खूण

मस्कतच्या आमच्या भारतीय शाळेच्या व्यवस्थापन मंडळावर पालकांमधून पाच जण निवडून जात. मतदान जानेवारीत, शनिवारी, शाळेतच. घराला एक मत, आणि तेही शाळेत ज्याच्या नावाची नोंद त्याचं, म्हणजे जवळजवळ सगळीकडे वडिलांचं. मतपत्रिकेवर पाच नावांपुढे खुणा करता यायच्या. कमी केल्या तरी चालायचं. सहावी केली की मत बाद.

त्या वर्षापर्यंत मी या निवडणुकीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नवरा अल् खुवैरला एका कंपनीत नोकरीला होता, मुलगी नववीत होती आणि धाकटा मुलगा शाळेच्या विशेष वर्गात. तो अकरा वर्षांचा होता. त्याला वाचता येत नव्हतं आणि पुढे येईल अशीही आशा डॉक्टरांनी ठेवली नव्हती. पण त्या वर्गातल्या दोन बाईंनी त्याला रांगेत थांबायला, स्वतःच्या हाताने जेवायला आणि लघवीला जायचं असेल तर सांगायला शिकवलं होतं. आम्हाला परवडेल असा दुसरा वर्ग मस्कतमध्ये नव्हता. हा बंद झाला तर मुलाला घेऊन मी पुण्याला परतायचं आणि घराचे दोन तुकडे करायचे, हे आम्ही नवराबायकोंनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण दोघांना माहीत होतं.

आणि तो बंद होणार अशी कुजबूज सुरू झाली होती. फी वाढली होती, पालक चिडले होते आणि खर्च कुठे कापायचा याची चर्चा फिरून फिरून आमच्या मुलांपाशी येत होती. उमेदवारांपैकी एकच माणूस उघडपणे म्हणत होता की वर्ग चालूच राहायला हवा. तो केरळचा होता. त्याची स्वतःची मुलं या वर्गात नव्हती. एकदा येऊन तासभर मागच्या बाकावर बसून गेला होता, एवढाच त्याचा संबंध. मी त्याला कुरुमला त्याच्या ऑफिसात जाऊन भेटले.

"मॅडम, हमारा लोग तो देगा," तो म्हणाला. "लेकिन उतने में नहीं आएगा. आपका लोग थोडा देगा तो हो जाएगा."

आमच्या लोकांचा स्वतःचा उमेदवार होता. मराठी मंडळाचा खजिनदार, गणपतीत आरतीला पुढे उभा राहणारा, कुणाच्याही अडीनडीला धावणारा माणूस. आमच्यासाठीही तो धावला होता. म्हणून त्याच्या घरी गेले.

"वहिनी, काळजी करू नका. बघू आपण."

"बघू म्हणजे? वर्ग राहणार की जाणार?"

"आधी निवडून तर येऊ द्या. आत गेल्याशिवाय मी काय बोलणार?"

त्याची बायको चहा घेऊन आली. "अहो, त्यांच्या मुलाचा प्रश्न आहे. नीट सांगा ना."

"नीटच सांगतोय," तो म्हणाला आणि मला बिस्किटं घ्यायला लावली.

मग मी मागणंच लहान केलं. आपला माणूस सोडा असं कुणाला म्हणायचं नाही. एक खूण त्याला करा, दुसरी केरळच्या गृहस्थांना. पाचांतली एक मला द्या, बाकी तीन कुणालाही.

संक्रांतीमुळे मंडळाचं हळदीकुंकू त्याच सुमारास आलं. बायका एका जागी सापडण्याची ती एकच वेळ. मी तिळगुळाचा डबा घेऊन गेले आणि प्रत्येकीला बाजूला घेऊन सांगितलं. कुणीही नाही म्हटलं नाही.

"अगं, एवढंच ना? ह्यांना सांगते."

"तुझ्या बाळासाठी एवढंसुद्धा नाही का करणार आम्ही?"

एकीने तर माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली. मी तिला म्हटलं, "डोळे पूस आणि शनिवारी नवऱ्याला पाठव."

नकार एकाच घरातून आला. मत्रहला सावंतवाडीकडचे एक एसीचे मेकॅनिक राहायचे, मुलगी आमच्या शाळेत. ते म्हणाले, "वयनी, खोटा कित्याक सांगू? माका जमाचा नाय. चतुर्थेक भजनाक खजिनदारांकडेच जावचा आसता." मला राग आला. पण निदान मोजायला एक घर कमी झालं.

मतदानाच्या दोन दिवस आधी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आई, ते सगळे वन टिक करणार आहेत."

"म्हणजे?"

"ओन्ली आपले अंकल. बाकी ब्लँक. दुसऱ्यांना दिलं की त्यांचे व्होट्स वाढतात आणि आपले अंकल खाली जातात. सगळ्यांच्या पप्पांचं ठरलंय. ग्रुपवर आलंय."

"मी आहे की ग्रुपवर."

"मम्मी लोकांच्या नाही, आई. पप्पांच्या."

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. मेसेज त्यालाही आला होता. त्याने फोन पुढे केला. 'आपला माणूस, एकच खूण', खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. सगळ्यांनी होकार कळवला होता. त्यांतल्या एकाच्या बायकोने माझ्यासमोर डोळे पुसले होते.

"मला का नाही दाखवलंस?"

"दाखवून काय झालं असतं? मी दोन खुणा करणार आहे."

शुक्रवारभर मी फोन करत बसले. बायका म्हणाल्या, हो हो, सांगितलंय ह्यांना. नवऱ्यांनी फोन उचलले नाहीत.

शनिवारी शाळेबाहेर गाड्या लावायला जागा नव्हती. आमचे लोक घोळक्याने आले, घोळक्याने आत गेले. "यल्ला, यल्ला, टाका नि चला," असं एक जण दुसऱ्याला ढकलत म्हणत होता. मला पाहून त्याने हात जोडले. "वहिनी, तुमचं काम झालं समजा."

मतमोजणीला मी केरळच्या गृहस्थांची प्रतिनिधी म्हणून बसले. मराठी मंडळाच्या लोकांना ते आवडलं नाही, पण तोंडावर कुणी बोललं नाही. अधिकारी एकेक मतपत्रिका उलगडून आम्हा सगळ्यांना दिसेल अशी धरायचा. इतरांच्या पत्रिकांवर कुठे पाच, कुठे चार, कुठे तीन खुणा असायच्या. मग मधूनच एक यायची, जिच्यावर आमच्या माणसापुढे एक खूण आणि बाकी सगळा कागद कोरा. मग तशीच आणखी एक. थोड्या वेळाने अधिकारी नाव वाचायच्या आधीच मला कळायला लागलं. मत गुप्त होतं. पण अशी मतं दुसऱ्या कुणाची नव्हती.

आमचा माणूस दुसऱ्या क्रमांकाने निवडून आला. एवढी आघाडी, की त्या सगळ्या लोकांनी उरलेल्या चारही खुणा केल्या असत्या तरी त्याचं काही बिघडलं नसतं. केरळचे गृहस्थ थोडक्या मतांनी सहावे राहिले. ते उठले, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं आणि मला म्हणाले, "खलास, मॅडम. आप बैठो मत, घर जाओ."

दुसऱ्या दिवशी बायकांचे फोन आले. "अगं, आम्ही दिलं होतं हं. वाईट झालं." मी प्रत्येकीला थँक यू म्हटलं. काही जणी खरंच तसं समजत असतील. मतपत्रिका त्यांच्या हातात कुठे होती?

मार्च संपायच्या आत वर्ग बंद करायचा ठराव झाला. खजिनदार स्वतः घरी सांगायला आला, हे त्याच्या बाजूने म्हटलं पाहिजे.

"वहिनी, एकमताने झालं. मी नवा. एकट्याने विरोध करून काय होणार होतं?"

"तुम्ही हात वर केलात?"

"सगळ्यांनीच केला."

तो निघताना जिन्यात नवऱ्याशी बोलत थांबला. पुण्याला सामान पाठवायचं असेल तर त्याच्या ओळखीचा कार्गोवाला होता, दरात सांभाळून घेईल. आम्ही त्याच्याकडूनच सामान पाठवलं.

एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली. मुलगी गेली. मुलगा गणवेश घालून दाराशी उभा राहिला. त्याला समजण्यासारखं नव्हतं, तरी मी समजावलं. तो हलला नाही. दुपार होत आली तेव्हा मी त्याला धरून आत आणलं, तर त्याने मला चावा घेतला. चावणं गेल्या दोन वर्षांत बंद झालं होतं.

त्याच महिन्यात आम्ही दोघं पुण्याला आलो. इथे त्याला विशेष शाळेत जागा मिळेपर्यंत दिवाळी उलटली. नवरा आणि मुलगी तिची दहावी होईपर्यंत म्हणून मस्कतला राहिले. दहावी झाली, मग बारावी. ती कॉलेजला गेली तेव्हा नवऱ्याने मस्कतलाच एकट्यापुरता लहान फ्लॅट भाड्याने घेतला.