रंगवलेल्या भिंतीला भोक नको

मंडळी, आज मन फार खचलंय, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही. आमचं घरातलं सगळं बोलणं हातांच्या खुणांनी चालतं. दादा नोकरीसाठी आसामात असतो. आई त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलते, पण दहिवलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मोबाइलचं नेटवर्क इतकं कमजोर, की दादाचे हात अर्ध्या वाक्यातच थिजतात. पुढे तो काय म्हणाला, ते तिला कळतच नाही.

म्हणून फायबर घ्यायचं ठरवलं. सकाळी कंपनीचा माणूस आला. तो जिन्यातल्या भिंतीला भोक पाडणार, इतक्यात सोसायटीचे चेअरमन काका वर आले.

"ड्रिल बंद कर रं! आत्ताच रंग दिलाय. एकाला पाडू दिलं की सगळेच पाडतील."

"काका, आईसाठी हवंय," मी म्हटलं.

"तिला ऐकू येत नाय, तर नेट कशाला हवं गं?"

कंपनीचा माणूस हळूच म्हणाला, "ताई, परवानगी नाय तर आमी काय करणार?" आणि वायरचं भेंडोळं उचलून गेला.

आई दारातच उभी होती. काय म्हणाले, असं तिने हातांनी विचारलं. पुढच्या आठवड्यात येतील, असं मी खोटंच सांगितलं. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

कमिटीतले बाकीचेही काकांच्याच बाजूचे आहेत. ज्या माणसासाठी मागायला गेलो, त्यालाच असा नकार कसा सांगायचा, कोणी सांगेल का?