संडासातली तपासणी

"कोरडी हाय ही. नाटकं करतीया."

सुपरवायझर मॅडम संडासातून बाहेर येऊन अख्ख्या लाइनला ऐकू जाईल असं बोलल्या. मागे मी, सलवारीची नाडी बांधत. उरवड्याच्या त्या कंपनीत आम्ही बायका प्लास्टिकच्या डब्यांना झाकणं लावायचो, दिवसभर उभ्यानं. कळ आली म्हणून मी उलट्या क्रेटवर बसले होते. बसायचं तर पाळी आलीय हे दाखवायचं, हा मॅडमचा नियम. दाखवलं. पाळी नव्हती. बायका हसल्या. मीही हसले, त्याची आजही चीड येते.

कळ पाळीपुरती नव्हतीच. ओटीपोट, कंबर, लघवीची जळजळ, अर्धशिशी, सकाळी न वळणारी बोटं. एक दुखणं झोपलं की दुसरं उठायचं. गावातला डॉक्टर म्हणाला, लग्न करा. नवरा आला, दुखणं राहिलं. मग म्हणाला, मूल होऊ द्या. पोरगी झाली. मग म्हणाला, मन रमवा. शेवटी पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. एक नाही, तीन आजार, एकमेकांत गुंतलेले. बरे होणार नाहीत म्हणाल्या. तरी मला आनंदानं रडू आलं. मी खोटी नव्हते.

पुण्याहून परतल्यावर कंपनीत पुन्हा कळ आली, पुन्हा क्रेटवर बसले. मॅडम आल्या. मॅडम म्हणजे लेबर ठेकेदाराची वहिनी. त्यांच्याच खाचरांत आमच्या बौद्धवस्तीतल्या बायका भातलावणीला जायच्या.

"तुजी आई पोटाला पट्टी बांधून दिसभर वाकायची आमच्या खाचरात. कदी हूं की चूं केलं न्हाई. तुमाला आता समदं बसून पायजे. चल, दाखव."

'तुमाला' म्हणजे कुणाला, ते सगळ्या लाइनला कळलं.

पण माझं मन त्या पट्टीवर अडकलं. आई जुन्या लुगड्याची पट्टी करकचून आवळायची. विचारलं तर म्हणायची, कामाला जोर येतो. घरी येऊन सोडली की कातडीवर वळ असायचे. जोर कसला? तिलाही हेच होतं. अन् तिच्या गप्प बसण्याचं कौतुक करून ही बाई मला हाणत होती.

"न्हाई दाखवणार," मी बसूनच म्हणाले. "दुखतंय म्हनलं की दुखतंय."

"मग उद्यापास्नं यायचं न्हाई."

"येणार. आन् बसणार."

दुसऱ्या दिवशी गेले. क्रेट काढून नेलेला. डबे खाली घेतले आणि फरशीवर बसून झाकणं लावली. शेजारी एकही बाई बसली नाही. नका बसू. मला काढतील तर काढोत. दुसऱ्या कंपनीत जाईन, पहिल्याच दिवशी दुखणं सांगेन आणि खाली बसेन.

ती पट्टी मी बांधणार नाही. माझी पोरगीही बांधणार नाही. आणि माझ्या दुखण्याचा पुरावा यापुढे कुणालाही मिळणार नाही.