कनिकादी आणि कपाळावरची वेल

बंगालातल्या शांतिपूरच्या कनिकादीला नवरी सजवायला बोलावलं की घरच्या बायकांनी गप्प बसायचं, हा तिचा नियमच. मावशी म्हणणार गोरी कर, काकू म्हणणार ओठ लालभडक हवेत, आणि जिचं तोंड रंगवायचं ती बिचारी म्हणणार, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा." या वाक्याचा कनिकादीला मनस्वी राग. "मला बरं वाटून काय उपयोग? लग्न माझं आहे का?" असं ती फाडकन बोलून मोकळी व्हायची. स्वतः तिने लग्न केलंच नव्हतं, त्यामुळे पुढे कोणी तोंड उघडत नसे.

तिची पद्धत साधी. नवरीला तोंड धुवायला लावायचं, बाकीच्यांना खोलीबाहेर काढायचं आणि विचारायचं, "कुठल्या दिवशी आरशात बघून तुझं तुलाच बरं वाटलं होतं?" कोणी म्हणे, सरस्वतीपूजेला पिवळी साडी नेसले होते तेव्हा. कोणी म्हणे, तापातून उठले त्या सकाळी. मग कनिकादी त्या दिवसाचा चेहरा शोधत बसायची, आणि बहुतेक वेळा तो सापडायचाही.

पौलमीने मात्र तिला पार दमवलं. ही विणकर बसाकांच्या घरची मुलगी. डोळे झाले, लाल बनारसी झाली, पांढरा मुकुट शेजारी तयार होता. राहिली होती फक्त कपाळावरची चंदनाची नक्षी. कनिकादीने बारीक ब्रशने भुवयांच्या वर वेल काढली. पौलमीने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "अशी नको." पुसली. दुसरी काढली, पानापानांची. "अशी पण नको." तिसऱ्या वेळी पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"रडू नकोस गं बाई, माझं काजळ वाहून जाईल," कनिकादी चिडून म्हणाली. मग ब्रश ठेवून तिच्यासमोर मांडी घालून बसली. "कशी हवी ते सांगता येत नाही, की सांगायचं नाही?"

"सांगायचं नाही. जेठीमाने ऐकलं तर घर डोक्यावर घेईल."

जेठीमा म्हणजे पौलमीची थोरली काकू. घरात शेवटचा शब्द तिचा. कनिकादीने उठून दाराला कडी घातली.

"पिशीच्या हातची हवी," पौलमी म्हणाली.

नीहारपिशी ही तिची आत्या. एके काळी गल्लीतल्या झाडून सगळ्या नवरीमुलींच्या कपाळी चंदन तिच्याच हातचं असे. ब्रशबिश काही नाही, लवंगेचं डोकं चंदनात बुडवून ती एकेक ठिपका उठवायची. मग नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि आईविना राहिलेल्या पौलमीला तिनेच वाढवलं. पण विधवा बाईने नवरीला हात लावायचा नाही. त्यामुळे सकाळपासून पिशी मागच्या अंगणात नारळ खवत बसली होती.

"नक्षी जमत नाही, जरा दाखवायला चला," असं सांगून कनिकादी तिला घेऊन आली. पांढऱ्या साडीतली पिशी उंबऱ्यातच थबकली.

"नको गं. माझा हात लागला आणि उद्या पोरीचं काही वाईट झालं तर? मी जिवंतपणी मरेन."

तिला खरंच भीती वाटत होती. कनिकादीला वाद घालता आला असता, पण ज्या भीतीत एवढी माया आहे तिच्याशी काय भांडायचं?

"तुम्हाला नवरीला हात लावायचा नाही ना? नका लावू. मला लावा. मी काही नवरी नाही, आणि आता होणारही नाही."

पिशीला हसू आलं. मग लवंग धरली कनिकादीने, आणि कनिकादीचं मनगट धरलं पिशीने. पहिले दोन ठिपके अडखळतच पडले, मग हात सरावला. कनिकादीने आपला हात अगदी सैल सोडून दिला. जन्मभर दुसऱ्यांना "मान इकडे, डोळे मीट" असं दटावणाऱ्या बाईला हे जड गेलं, आणि फार बरंही वाटलं. पौलमी श्वास जपून घेत डोळे मिटून बसली होती.

एवढ्यात दार वाजलं. "कडी कशाला घातलीय? वऱ्हाड येऊन ठेपलं," बाहेरून जेठीमाचा आवाज आला. दार उघडावंच लागलं. पिशी भिंतीला चिकटून उभी राहिली.

जेठीमाने पौलमीची हनुवटी वर केली आणि कपाळाकडे बघतच राहिली. "ही कोणी काढली?"

"मी. दुसरं कोण?" कनिकादी म्हणाली.

"मला शिकवू नकोस. या घरात मी नवी आले, तेव्हा माझ्या कपाळावर हीच वेल होती. नणंदेने काढलेली. मला ओळखू यायची नाही होय?" तिचा आवाज चढला होता, तो मध्येच उतरला. पिशीकडे न बघताच ती म्हणाली, "नीहार, डाव्या भुवईपाशी एक ठिपका राहिलाय. तो दे. तुझ्या हाताने दे."

पिशी पुढे आली. लवंग तिने घेतली खरी, पण डोळे भरून आलेले. ठिपका ओळीबाहेर पडला, वर जरा पसरलाही. कनिकादीचा हात सवयीने कापसाकडे गेला, तो पौलमीने मध्येच धरला.

"राहू दे, दीदी," ती म्हणाली. "आता मी बरी दिसते."