वरच्या कोपऱ्यातला गोल

अकोल्याच्या ऑफिसात मी मोठ्या साळ्याला 'साहेब' म्हणतो आणि तो अमरावतीला आमच्या घरी आला की 'दादा'. बियाण्यांची एजन्सी त्याची, हिशेब माझ्याकडे. हा नियम मीच घातला. नात्यातल्या माणसाकडे नोकरी करायची तर घर आणि ऑफिस वेगळे ठेवावे लागते, असे मी मानत आलो.

पासवर्ड ठेवण्याचे ॲपही मीच आणायला लावले. त्याआधी बँकेपासून जीएसटीपर्यंतचे सगळे पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने लिहिलेले असत. आता माझ्या मोबाईलवर एकाच ॲपमध्ये दोन खाती होती. एक ऑफिसचे, त्यात ठेवलेली नोंद आम्हा सहाही जणांना दिसायची. दुसरे माझे एकट्याचे. वरच्या कोपऱ्यात एक लहान गोल असतो. तो निळा असला की ऑफिस, हिरवा असला की घर. गोलावर बोट ठेवले की खाते बदलते. नुसता पासवर्ड टाकून चालणार नाही, ही नोंद कशाची, कोणाची, कशासाठी, हे खाली पूर्ण लिहायचे, असा माझा सगळ्यांना आग्रह. साहेब हसायचे. "जवाईबापू, आता चहाचीबी नोंद करा म्हना त्यात."

त्याच सुमारास बायकोच्या छातीत गाठ लागली. अमरावतीच्या डॉक्टरांनी सुईने नमुना काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आठवड्याभरात ऑनलाइन दिसेल म्हणून प्रयोगशाळेने एका चिठ्ठीवर लॉगिन आणि पासवर्ड लिहून दिला. तिने ती चिठ्ठी माझ्या हातात कोंबली.

"तुमच्यापाशीच ठेवा. मले पाह्यवत नाही. अन् कोनाले सांगू नका. दादाले तर बिलकुल नाही."

"दादाले काहून नाही?"

"दादाच्या पोटात राह्यते का काही? तो आईले सांगीन. अन् आई बार्शीटाकळीहून गाडी भरून मानसं घेऊन येईन मले पाह्यले. रिपोर्ट यायच्या आधीच रडून घेतीन माह्यासाठी."

ती उगीच बोलत नव्हती. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हे कर्तव्य असते. तिच्या काकूच्या वेळी भेटायला आलेल्या बायका खाटेभोवती बसून, कोण कोण याच दुखण्याने गेले ते काकूच्याच देखत मोजत होत्या. चहा ठेवायला बायको होती. तिने ते ऐकले होते. मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला अकोल्याच्या गाडीत बसलो. चिठ्ठी हरवेल या धास्तीने मी ती नोंद ॲपमध्ये करून टाकली. सवयीप्रमाणे पूर्ण: बायकोचे नाव, वय, कुठल्या बाजूची गाठ, कसली तपासणी, कसली शंका. चिठ्ठीचे तुकडे केले आणि निश्चिंत झालो.

ऑफिसात कॉम्प्युटर सुरू केला. सोयाबीनच्या उगवण चाचणीचा रिपोर्ट काढायचा होता, म्हणून शोधाच्या चौकटीत 'रिपोर्ट' लिहिले. सोयाबीनच्या वर माझ्या बायकोचे नाव आले.

मोबाईल काढून पाहिला. गोल निळा होता. आदल्या संध्याकाळी ऑफिसचे काम करून मी खाते बदललेच नव्हते.

सहाजणांपैकी चौघे समोर बसलेले. कोणी मान वर करून माझ्याकडे पाहिले की वाटे, याने वाचले. कोणी पाहिले नाही तर वाटे, याने नक्कीच वाचले. साहेब आतल्या काचेच्या खोलीत फोनवर बोलत होते. बहुतेक त्यांच्या आईशीच, असे मला वाटले.

मी नोंद माझ्या खात्यात उतरवली आणि ऑफिसच्या खात्यातून पुसली. मग लक्षात आले की पुसलेले काही दिवस कचऱ्याच्या पेटीत राहते आणि ती पेटी फक्त साहेबांना उघडता येते. कोणी काय उघडले हेही त्यांनाच दिसते. विचारायला जावे तर आपणच सांगितल्यासारखे. एकच गोष्ट माझ्या हातात उरली होती: प्रयोगशाळेचा पासवर्ड बदलणे. ज्याने वाचले त्याला निदान रिपोर्ट तरी दिसू नये. मी घाईने बटण दाबले. त्यासाठी लागणारा सांकेतिक अंक बायकोच्या मोबाईलवर जातो, हे दाबल्यावर कळले.

लगेच तिचा फोन आला. मी जिन्यात गेलो.

"लॅबचा मेसेज आला." तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "रिपोर्ट आला का? काय हाय त्यात? सांगा ना!"

"नाही आला. मीच पासवर्ड बदलून राहिलो."

"काहून?"

खोटे सुचले नाही. सांगितले. पलीकडे कुकरची शिटी झाली, दुसरी झाली. ती गॅस बंद करायला हलली नाही.

"दादानं पाह्यलं का?"

"मालूम नाही."

"तुमी लोकायले शिकवता ना हे सारं?" एवढे म्हणून तिने तो अंक सांगितला आणि फोन ठेवला.

पुढचे दिवस मी साहेबांचा चेहरा वाचत काढले. ते नेहमीसारखेच बोलत. फक्त चहाच्या नोंदीची थट्टा बंद झाली होती. एकदा मी न मागता ते म्हणाले, "आज लवकरची गाडी पकडा." त्या वाक्याचा अर्थ मी घरी पोचेपर्यंत लावत राहिलो. घरी दारात कोणाची गाडी उभी आहे का, हे मी कोपऱ्यावरूनच बघायचो. बायको मला पाहिले की आधी विचारायची, "आईचा फोन?" मी मान हलवायचो.

रिपोर्ट तयार असल्याचा मेसेज आला तो रविवार होता. तिने तो वाचला आणि मोबाईल पालथा ठेवला. मग माझ्यादेखत भावाला फोन लावला.

"दादा, तुले मालूम हाय ना?"

स्पीकर लावलेला नव्हता, तरी त्याचा बारीक आवाज मला ऐकू आला.

"हो, बाई. पयल्याच दिवशी. आईले नाही सांगतलं."

ती ओट्यावर हात टेकून उभी राहिली. "मंग ये. एकटाच ये."

अकोल्याहून तो आला तेव्हा मी फाटकाशी होतो. गाडी थांबली तशी मी आधी मागच्या सीटवर पाहिले. मागे कोणी नव्हते. तो उतरला, दाढी वाढलेली, आणि सरळ घरात शिरला. मी 'दादा' म्हणालो नाही, 'साहेब'ही नाही.

तिघे पलंगावर बसलो. मी मोबाईल काढला. बायकोने माझे मनगट धरले.

"कोनत्या खात्यात हाय आपन?"

मी गोल तिच्यासमोर धरला. हिरवा होता. तिने दादाला दाखवला, त्यानेही वाकून पाहिला. मग मी रिपोर्ट उघडला. इंग्रजी होता, मी पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. मोबाईल दादाने घेतला आणि बोट ठेवत ठेवत, सोयाबीनचा रिपोर्ट वाचतो तसा, पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागला.

तिने त्याला मध्येच थांबवले. "खालचं सांग, दादा. शेवटचं."

त्याचे बोट खाली गेले आणि थांबले.

"कॅन्सर नाही म्हनते," तो म्हणाला. त्याने मोबाईल माझ्याकडे दिला. "तुमी पाहा बरं एकदा. माह्यावर भरोसा नका ठेवू."

मी पाहिले. नाव तपासले, वय तपासले, बाजू तपासली, पुन्हा वरून खाली वाचले. तेच लिहिले होते. माझ्या मनगटावरची तिची पकड मात्र तेवढीच घट्ट होती.